बीडच्या लोकसंख्येत रामानुजनचा १७२९ लपलाय. मग काय?

मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडा. २१,६१,२५० हा आकडा टाका आणि त्याला १७२९ ने भागा. उत्तर येतं १२५०. दशांश नाही, बाकी नाही, चोख भागाकार.

२१,६१,२५० ही २००१ च्या जनगणनेतली बीड जिल्ह्याची लोकसंख्या. आणि १७२९ म्हणजे रामानुजनची ती प्रसिद्ध संख्या. श्रीनिवास रामानुजन इंग्लंडमध्ये आजारी असताना गणितज्ञ जी. एच. हार्डी त्यांना भेटायला टॅक्सीने गेले. टॅक्सीचा नंबर १७२९ होता आणि तो हार्डींना अगदीच नीरस वाटला. रामानुजननी अंथरुणातूनच सांगितलं की ही संख्या नीरस मुळीच नाही: दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या प्रकारे लिहिता येणारी ही सगळ्यांत लहान संख्या आहे. १ चा घन अधिक १२ चा घन, किंवा ९ चा घन अधिक १० चा घन. दोन्हींचं उत्तर १७२९.

आता ही संख्या बीडच्या लोकसंख्येत नेमकी बसलेली निघाली, तर त्यावर ‘बघा, बीडच्या मातीतच गणित आहे’ असा फॉरवर्ड तयार व्हायला पाच मिनिटं पुरतील. कदाचित एखादा ज्योतिषीही पुढे येईल. पण त्याआधी त्याच जिल्ह्याची पुढची संख्या तपासून बघू. २०११ च्या जनगणनेत बीडची लोकसंख्या निघाली २५,८५,०४९. या सात अंकी संख्येची गणिताच्या नजरेतून पूर्ण ओळखपरेड केली तर काय हाती लागतं? आणि जे हाती लागतं, त्यातलं किती बीडबद्दल असतं?

आधी तुकडे पाडायचे

कुठल्याही पूर्ण संख्येची खरी जन्मकुंडली म्हणजे तिचे मूळ अवयव. ज्यांना १ आणि स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही अशा मूळ संख्या घ्यायच्या आणि बघायचं की आपली संख्या त्यांच्या कोणत्या गुणाकारातून बनली आहे. हा गुणाकार प्रत्येक संख्येसाठी एकच असतो, दुसरा निघूच शकत नाही.

२५,८५,०४९ चा शेवटचा अंक ९, म्हणजे संख्या विषम. २ गेला. शेवटी ० किंवा ५ नाही, त्यामुळे ५ पण गेला. अंकांची बेरीज २ + ५ + ८ + ५ + ० + ४ + ९ = ३३. तेहेतीसला ३ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो (९ ने मात्र जात नाही). भागून उरतात ८,६१,६८३.

इथून पुढे कंटाळवाणा भाग सुरू होतो. ७ ने भागा, नाही. ११, नाही. १३, नाही. असं करत करत २४१ पर्यंत सगळ्या मूळ संख्या नकार देतात आणि २५१ ला, म्हणजे चोपन्नाव्या मूळ संख्येला, दार उघडतं: ८,६१,६८३ = २५१ × ३४३३. आणि ३४३३ ही स्वतः मूळ संख्या आहे. म्हणजे

२५,८५,०४९ = ३ × २५१ × ३४३३

तीन वेगवेगळ्या मूळ संख्या, प्रत्येक एकदाच. अशा संख्यांना ‘स्फेनिक’ म्हणतात. ग्रीक भाषेत त्या शब्दाचा अर्थ पाचर. सुताराच्या पाचरीसारखी तीन बाजूंनी मोजता येणारी संख्या, असं समजायला हरकत नाही.

सात अंकी संख्येसाठी चोपन्न मूळ संख्या तपासाव्या लागल्या. हीच कसरत ६१७ अंकी संख्येवर करायची झाली आणि तिचे दोन्ही अवयव शेकडो अंकी असले, तर आजच्या कुठल्याही संगणकाला ती कुणाच्या हयातीत जमणार नाही. बँकेच्या वेबसाइटची ओळख पटवण्यासाठी वर्षानुवर्षं वापरली जाणारी एक पद्धत याच अवघडपणावर उभी आहे. तेव्हा अवयव पाडणं हा रिकामटेकडा उद्योग नाही, एवढं इथेच नोंदवून पुढे जाऊ.

न्यून की विपुल?

अवयव मिळाले की संख्येचे सगळे विभाजक मिळतात, म्हणजे ज्यांनी तिला पूर्ण भाग जातो त्या सगळ्या संख्या. २५,८५,०४९ चे विभाजक फक्त आठ: १, ३, २५१, ७५३, ३४३३, १०,२९९, ८,६१,६८३ आणि ती स्वतः.

आता संख्या स्वतः सोडून बाकीच्या सात विभाजकांची बेरीज करा. येते ८,७६,४२३. मूळ संख्येपेक्षा खूपच कमी. अशा संख्येला न्यून संख्या म्हणतात. बेरीज संख्येपेक्षा जास्त आली तर ती विपुल, आणि नेमकी तेवढीच आली तर परिपूर्ण. ६ ही सगळ्यांत लहान परिपूर्ण संख्या, कारण १ + २ + ३ = ६. त्यानंतर थेट २८. परिपूर्ण संख्या फार दुर्मीळ आहेत. विपुल संख्या तशा नाहीत, साधारण दर चार संख्यांमागे एक विपुल निघते. बाकी बहुतेक सगळ्या न्यून.

२००१ ची संख्या याच कसोटीवर घासून बघा. २१,६१,२५० = २ × ५ × ५ × ५ × ५ × ७ × १३ × १९. (१७२९ म्हणजे ७ × १३ × १९, तो या ओळीत शेवटी बसलेला दिसेल.) हिचे विभाजक तब्बल ८०. स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज ३०,८७,०७०. संख्येपेक्षा नऊ लाखांनी जास्त, म्हणजे चांगलीच विपुल.

२००१ चं बीड विपुल, २०११ चं बीड न्यून. लक्षात ठेवा, याचं काम पुढे आहे.

हे ‘न्यून’ आणि ‘विपुल’ शब्द वाचताना मनात चांगलं-वाईट येतंच. ते आजचं नाही. साधारण १,९०० वर्षांपूर्वी निकोमाखस नावाच्या ग्रीक लेखकाने विपुल संख्यांची तुलना जादा अवयव असलेल्या प्राण्यांशी आणि न्यून संख्यांची तुलना अवयव कमी पडलेल्या प्राण्यांशी केली होती. संख्यांना स्वभाव चिकटवायची हौस जुनीच.

देवळालीच्या मास्तरांची कसोटी

संख्येची ओळखपरेड मराठी मुलखात करायची आणि द. रा. कापरेकरांना विचारायचं नाही, हे शोभत नाही. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. फर्ग्युसन कॉलेजात शिकले आणि नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ शाळेत शिकवत राहिले. विद्यापीठाची नोकरी नाही, मोठी पदवी नाही, संख्यांशी खेळण्याचं जबरदस्त वेड मात्र होतं. ६१७४ हा ‘कापरेकर स्थिरांक’ त्यांनी १९४९ मध्ये शोधला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाने दखल घेतली.

कापरेकरांनी संख्यांच्या अनेक जाती पाडल्या. बीडची संख्या त्यातल्या कुठे बसते?

हर्षद संख्या, म्हणजे आनंद देणारी: जिला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो ती. आपल्या संख्येची अंकांची बेरीज ३३. पण ११ हा तिचा अवयव नाही, म्हणून ३३ ने भाग जात नाही. हर्षद नाही.

कापरेकर संख्या: वर्ग करा, दोन तुकडे करा, बेरीज केली की पुन्हा तीच संख्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. बीडच्या संख्येसाठी वर्ग काढायचीही गरज नाही. कापरेकर संख्येला ९ ने भागलं तर बाकी ० किंवा १ च उरू शकते, आणि २५,८५,०४९ ला भागलं तर ६ उरते. विषय संपला.

स्वयंभू संख्या ही कापरेकरांची सगळ्यांत सुंदर कल्पना. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या ‘जन्माला’ येते. २३ मध्ये २ + ३ मिळवले की २८. म्हणजे २३ हा २८ चा जनक. पण काही संख्यांना असा जनक सापडतच नाही, त्या स्वयंभू. २० ही तशी आहे, करून बघा. २५,८५,०४९ ला मात्र जनक आहे: २५,८५,०१९. त्याच्या अंकांची बेरीज ३०, ती मिळवली की बरोबर २५,८५,०४९. आणि असा जनक एकच आहे.

आणखी एक जात, ही कापरेकरांची नाही: सुखी संख्या. अंकांच्या वर्गांची बेरीज करत राहायचं, शेवटी १ आला तर संख्या सुखी. आपली संख्या २१५ वर जाते, मग ३०, ९, ८१, ६५, ६१, ३७ आणि तिथून ५८, ८९, १४५, ४२, २०, ४, १६ करत पुन्हा ३७. घाण्याच्या बैलासारखी गोल फिरत राहते. सुखी नाही. यात नवल नाही, कारण १ ते १० लाख या संख्यांमध्ये सुखी निघतात सुमारे १४ टक्केच.

इथे एक फरक हळूच दिसू लागतो. न्यून असणं हा संख्येचा स्वतःचा गुण आहे, ती मराठीत लिहा, रोमन आकड्यांत लिहा, नाहीतर दगड मांडून दाखवा. हर्षद, स्वयंभू किंवा सुखी असणं हे आपण दहाच्या पटीत लिहितो त्यावर अवलंबून आहे. माणसाला आठ बोटं असती तर यादी वेगळी झाली असती.

अंकांच्या या बाजूचा विचार बीडशी नाव जोडलं गेलेल्या एका माणसाने फार आधी केला होता. भास्कराचार्यांनी आपला जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे १११४ साली झाल्याचं आणि गाव ‘विज्जडविड’ असल्याचं लिहून ठेवलं आहे. हे विज्जडविड म्हणजे बीड, असं एक मत आहे. चाळीसगावजवळच्या पाटणचा दावाही मजबूत आहे, कारण भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाचा शिलालेख तिथे आहे. विजापूरचंही नाव घेतलं जातं. वाद मिटलेला नाही. पण ‘लीलावती’च्या शेवटच्या ‘अंकपाश’ प्रकरणात दिलेल्या अंकांपासून किती वेगवेगळ्या संख्या बनतात याची रीत आहे, अंक दोनदा आला तरी कसं मोजायचं तेही आहे. ती रीत २, ५, ८, ५, ०, ४, ९ या सात अंकांना लावली तर २,५२० मांडण्या होतात. शून्याने सुरू होणाऱ्या ३६० वगळल्या तर खऱ्या सात अंकी संख्या २,१६०. या सगळ्यांच्या अंकांची बेरीज ३३ च, म्हणून सगळ्यांना ३ ने भाग जातो आणि त्यातली एकही सुखी नाही. अवयव मात्र प्रत्येकीचे वेगळे.

आता फॉरवर्ड तयार आहे

हाताशी काय आलं ते एका ठिकाणी ठेवू, आणि त्यात जनगणनेचा आणखी एक आकडा मिसळू. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली किती, हे बाल लिंग गुणोत्तर. बीड जिल्ह्यात ते १९९१ साली ९३९ होतं, २००१ साली ८९४ आणि २०११ साली ८०७.

म्हणजे २००१ मध्ये संख्या विपुल होती, ८० विभाजक होते, पोटात रामानुजन होता आणि मुली ८९४ होत्या. २०११ मध्ये संख्या न्यून झाली, विभाजक आठवर आले आणि मुली ८०७ वर घसरल्या. आकडे सगळे खरे. बेरीज-भागाकार सगळे बरोबर. ‘संख्याशास्त्र खोटं बोलत नाही’ अशी एक ओळ शेवटी टाकली की व्हॉट्सअॅपवर हे धावायला लागेल, आणि कुणी तपासायला गेलं तरी एकही आकडा चुकीचा सापडणार नाही.

चूक आकड्यांत नाहीच. ती सापडायला एक साधा प्रयोग करावा लागतो: एक माणूस वाढवा.

२०११ मध्ये केज किंवा आष्टीच्या एखाद्या वस्तीवर आणखी एकाची नोंद झाली असती तर संख्या झाली असती २५,८५,०५०. तिचे अवयव २ × ५ × ५ × १३ × ४१ × ९७. विभाजक ४८. स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज २७,७३,९८२, म्हणजे संख्येपेक्षा जास्त. न्यून असलेलं बीड एका माणसाने विपुल झालं.

२००१ मध्ये एक वाढवा: २१,६१,२५१. ही ३ × ३ × २,४०,१३९ एवढीच, आणि २,४०,१३९ मूळ संख्या. विभाजक ८० वरून सहावर. विपुल असलेलं बीड न्यून झालं, रामानुजनही गेला.

एका बाळाच्या जन्माने दोन्ही निष्कर्ष उलटे. पाटोद्यात कुणाच्या घरी पेढे वाटले गेले म्हणून जिल्ह्याचं नशीब न्यूनचं विपुल झालं, असं कुणी म्हणेल का? अवयव, विभाजक, न्यून-विपुल, हर्षद, स्वयंभू हे गुण अशा स्वभावाचेच आहेत. शेजारच्या दोन संख्यांचा या बाबतीत एकमेकींशी जवळजवळ काही संबंध नसतो. गणितज्ञांना त्यातच गंमत वाटते, आणि वाटायलाच हवी. पण माणसं मोजून आलेल्या संख्येत हे गुण शोधले तर ते माणसांबद्दल काहीच सांगत नाहीत.

मग १७२९ चं काय? एवढा चोख योगायोग कसा? दर १७२९ संख्यांमागे एकीला १७२९ ने भाग जातो. २००१ मध्ये देशात ५९३ जिल्हे होते. म्हणजे त्यातल्या निदान एका जिल्ह्याची लोकसंख्या अशी निघण्याची शक्यता साधारण २९ टक्के, दहात तीन. तो जिल्हा बीड निघाला. शिवाय आपण शोधायला बसलो तर फक्त १७२९ थोडाच शोधतो? ६१७४, १०८, ७८६, पाय, कुणाची जन्मतारीख, काहीतरी सापडतंच. दर जिल्ह्यात सापडतं.

एका माणसाने न हलणारे आकडे

२०११ ची संख्या दोन तुकड्यांतून आली होती: पुरुष १३,४९,१०६ आणि स्त्रिया १२,३५,९४३. एकाला दुसऱ्याने भागून हजाराने गुणलं तर लिंग गुणोत्तर येतं ९१६. इथे एक स्त्री वाढवून बघा. ९१६.१२०० चे ९१६.१२०७ होतात. ढिम्म हलत नाही. असा आकडा जिल्ह्याबद्दल काही सांगायच्या लायकीचा.

बाल लिंग गुणोत्तराचंही तसंच. सुरुवातीच्या कच्च्या आकडेवारीत बीडचं गुणोत्तर ८०१ होतं, अंतिम आकडेवारीत ८०७ झालं. सहाने बदललं, पण अर्थ बदलला नाही. दोन्ही वेळा बीड राज्यात सगळ्यांत खाली होतं. राज्याचा अंतिम आकडा होता ८९४.

८०७ किती कमी आहे हे कळायला एक तुलना लागते. कुणी ढवळाढवळ केली नाही तर साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्मतात. म्हणजे हजार मुलग्यांमागे सुमारे ९५२ मुली. बीडमध्ये होत्या ८०७. दर हजार मुलग्यांमागे जवळपास १४५ मुली असायला हव्या होत्या आणि नव्हत्या. काही गर्भलिंग तपासून जन्मूच दिल्या नाहीत, काही जन्मल्यावर हेळसांडीत गेल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा आहे, म्हणजे २०११ मध्ये मोजलेलं प्रत्येक मूल तो कायदा आल्यानंतर जन्मलेलं.

आणि हो, ८०७ = ३ × २६९. हे कळून काहीही मिळालं नाही.

शेवटचा ९ कितपत खरा?

आता पुन्हा २५,८५,०४९ कडे. आतापर्यंतचा सगळा खेळ शेवटच्या ९ वर चालला होता. तो ९ होता म्हणून संख्या विषम, म्हणून स्फेनिक, म्हणून न्यून. पण लाखो माणसं मोजताना शेवटचा अंक बरोबर आहे हे कशावरून?

जनगणना झाल्यावर काही भागांत पुन्हा जाऊन पडताळणी करतात. २०११ च्या पडताळणीत देशपातळीवर दर हजारी सुमारे २३ माणसं निसटल्याचा अंदाज निघाला. बीडमध्येही तेवढीच निसटली असं म्हणता येत नाही. पण नुसता अंदाज यावा म्हणून तेच प्रमाण लावलं तर जवळपास ५९ हजार माणसं होतात. शेवटचा एकच अंक नाही, शेवटचे चार-पाच अंक धुक्यात आहेत.

बीडच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती तिथल्या कुठल्याही माणसाला सांगावी लागणार नाही. २०११ ची मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीत. फेब्रुवारी म्हणजे साखर कारखान्यांचा गाळप हंगाम भरात. मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या आसपास गाव सोडलेल्या टोळ्या तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडात असतात, कारखान्याच्या आसपास खोपी टाकून. पोरंही पुष्कळदा सोबत. आणि जनगणनेचा नियम असा की मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नसेल त्याची नोंद घरी करायची नाही, तो जिथे राहत असेल तिथे करायची. नियमात चूक नाही. पण त्यामुळे २५,८५,०४९ म्हणजे ‘बीडची माणसं’ नव्हेत, ‘त्या फेब्रुवारीत बीडमध्ये मोजली गेलेली माणसं’. धारूर-वडवणीकडच्या एखाद्या कुलूप लावलेल्या घरातली चार माणसं या संख्येत नसतील. ती कोल्हापूर किंवा बेळगाव जिल्ह्याच्या संख्येत असतील, आणि खोपीपर्यंत कुणी पोचलं नसेल तर कुठेच नसतील.

ऊसतोडीत मोजायचं एककही वेगळं आहे. तिथे ‘कोयता’ मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल कोयत्यावर ठरते, हिशोब कोयत्याच्या नावावर होतो. जनगणनेत जी दोन माणसं आहेत ती मुकादमाच्या वहीत एक आहेत, आणि त्या एकात बाईचं नाव बहुधा नसतंच.

यामुळे ९१६ किती हलेल? उदाहरणापुरतं धरा की एक लाख कोयते त्या वेळी बाहेर होते आणि ते सगळे परत जिल्ह्यात मोजले. स्त्रिया १३,३५,९४३ आणि पुरुष १४,४९,१०६ होतील. गुणोत्तर ९२२. दोन लाख माणसांची भर घातली तरी सहाने हललं. त्याच वेळी २५,८५,०४९ चे २७,८५,०४९ होतील आणि ३ × २५१ × ३४३३ यातलं काहीही जागेवर राहणार नाही.

पुढची संख्या

२०२१ ची जनगणना झालीच नाही. केंद्र सरकारच्या जून २०२५ मधल्या अधिसूचनेनुसार आता नव्या जनगणनेची संदर्भवेळ १ मार्च २०२७ ची मध्यरात्र आहे, आणि लोकसंख्येची प्रत्यक्ष मोजणी त्याआधीच्या फेब्रुवारीत. म्हणजे पुन्हा हंगामात.

बीडची नवी संख्या जाहीर होईल तेव्हा तिच्याबद्दल काही गोष्टी आजच सांगता येतात. ती सम निघण्याची शक्यता निम्मी. विपुल निघण्याची साधारण चारात एक. १७२९ ने भाग जाण्याची १७२९ मध्ये एक. परिपूर्ण असण्याची शून्य, कारण ८,१२८ नंतरची परिपूर्ण संख्या थेट ३,३५,५०,३३६ आहे आणि एवढी माणसं बीडमध्ये मावणार नाहीत. शून्य ते सहा वयोगटातल्या हजार मुलांमागे मुली किती निघतील, हे मात्र अशा कुठल्याच गणिताने आधी सांगता येत नाही. त्यासाठी कुणीतरी वही किंवा टॅब घेऊन प्रत्येक दारात जावं लागेल, आणि फडातल्या खोपीतही.